सौर पॅनेलला उजेड हवा, झळ नको

मे महिन्यात आमच्या लातूरच्या घरी कुणी पाहुणे आले, की गच्चीवरच्या पॅनेलकडे बघत एक वाक्य हमखास म्हणतात, "आता तर वीज नुसती धो धो तयार होत असेल!" पाय भाजतील अशी फरशी, वर रखरखीत आकाश, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर भर दुपारी दिसणारा आकडा फेब्रुवारीत जेवढा चढतो, तेवढा मे महिन्यात चढत नाही. दिवस मोठा असल्यामुळे दिवसभराची बेरीज बरी होते, पण दुपारचा जोर कमी पडलेला असतो. असं का होतं ते नीट कळलं, की पॅनेल घेताना, बसवताना आणि सांभाळताना पडणारे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मराठीत 'ऊन' हा शब्द दोन कामं करतो. अंगणात पडतं ते ऊन, आणि पानात वाढतात तो ऊन ऊन भात. उजेड आणि उष्णता आपण एकाच शब्दात बांधल्या आहेत. गच्चीवर पाणी तापवणारा सोलर असतो तो खरोखर उष्णतेवर चालतो, तिथे झळ जितकी जास्त तितकं पाणी कढत. वीज तयार करणाऱ्या पॅनेलचं तसं नाही. त्याला फक्त उजेड लागतो आणि उष्णतेचा त्याला त्रास होतो. दोन्हींना आपण 'सोलर'च म्हणतो, पण आतलं काम अगदी वेगळं आहे.

पॅनेलच्या काचेखाली निळसर-काळे चौकोन दिसतात. ते सेल. प्रत्येक सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, माणसाचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल साधारण तेवढ्या जाडीची. सिलिकॉनचा प्रत्येक अणू आजूबाजूच्या चार अणूंचे हात धरून बसलेला असतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन त्या पकडीत अडकलेले असतात. प्रकाश येतो तो सलग धारेसारखा येत नाही, गारांसारखा सुट्या सुट्या कणांनी येतो. या कणांना फोटॉन म्हणतात. आइन्स्टाइनने १९०५ साली हे मांडलं, आणि त्याला १९२१ सालचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी, सापेक्षतावादासाठी नव्हे.

सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन पकडीतून सोडवायला ठरावीक ऊर्जा लागते, १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचं अगदी बारीक माप). ही ऊर्जा म्हणजे शेताचा बांध समजा. ज्या फोटॉनमध्ये तेवढं बळ नाही, त्याच्याकडून इलेक्ट्रॉनला बांध ओलांडवत नाही. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बराचसा असाच वाया जातो, आणि उन्हातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा इथेच हातचा जातो. उलट निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये गरजेपेक्षा खूप जास्त बळ असतं. पण कमरेएवढा बांध ओलांडायला कुणी डोक्याएवढी उडी मारली, तरी पलीकडे तो त्याच जमिनीवर उतरतो. जास्तीचं बळ आदळण्यात जातं, म्हणजे सेल तापण्यात जातं. ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा असा जातो. म्हणजे पॅनेल तापतं ते नुसतं बाहेरच्या हवेमुळे नाही. वीज तयार करतानाच ते स्वतःला तापवत असतं.

सुटलेला इलेक्ट्रॉन मोकळा सोडला तर तो लगेच जवळच्या रिकाम्या जागेत जाऊन बसेल आणि हाती काहीच लागणार नाही. त्याला वाहतं करायला उतार हवा. त्यासाठी चकतीच्या एका बाजूला फॉस्फरससारखं मूलद्रव्य अगदी चिमूटभर मिसळतात, ज्याच्यामुळे इलेक्ट्रॉन जास्तीचे होतात, आणि दुसऱ्या बाजूला बोरॉन किंवा गॅलियम, ज्याच्यामुळे ते कमी पडतात. दोन्ही बाजू जिथे भिडतात तिथे एक विद्युत उतार तयार होतो. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन तिथवर पोचला की घरंगळत एका बाजूला जातो, आणि बाहेरून तार जोडली तर त्याच वाटेने फिरून परत येतो. हे फिरणं म्हणजेच वीज. यात काही जळत नाही, यंत्राचा कुठलाही भाग हलत नाही. एका सेलमागे मिळतो जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट, म्हणून पॅनेलमध्ये असे साठ-बहात्तर सेल माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात.

आता झळ कुठे आडवी येते ते पाहू. सेल तापला की उष्णतेच्याच जोरावर आतले इलेक्ट्रॉन आपोआप सुटायला आणि परत बसायला लागतात, आणि तो उतार सपाट व्हायला लागतो. दर एक अंश सेल्सिअसमागे प्रत्येक सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण पॅनेलच्या मागच्या लेबलवर ५४० किंवा ५५० वॅट असा जो आकडा छापलेला असतो, तो कारखान्यात सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेला असतो. मराठवाड्यात किंवा विदर्भात हवा ४२ अंशांवर असताना पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत जातं. म्हणजे लेबलपेक्षा ४० अंश जास्त. नेहमीच्या मोनो पर्क पॅनेलची (मोनो म्हणजे एकसंध स्फटिकाच्या सिलिकॉनचं; पर्क म्हणजे काय ते पुढे येईल) क्षमता दर अंशाला साधारण ०.३५ टक्का घटते. ४० गुणिले ०.३५, म्हणजे १४ टक्के. तीन किलोवॅटची यंत्रणा कोऱ्या करकरीत काचेसकट भर दुपारी २.६ किलोवॅटच्या आसपास अडकते. त्यात बसवणाऱ्याने फसवलं असं काही नसतं. लेबलवरचा आकडा आपल्या हवेत मोजलेला नसतो, एवढंच.

मे महिन्याचं दुसरं कारण आकाशात आहे. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात, आणि तिरपेपणा साधारण त्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवतात, महाराष्ट्रात १६ ते २२ अंशांच्या दरम्यान. मेच्या मध्यावर पुण्यात, लातुरात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. पुढे जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि आपलं पॅनेल मात्र दक्षिणेकडे पाहत असतं. त्यात उन्हाळ्याचा धुरळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य पॅनेलच्या जवळजवळ समोर असतो, आकाश स्वच्छ असतं आणि हवेत गारवा असतो. तो पॅनेलचा खरा हंगाम.

एवढं समजल्यावर पहिली व्यवहाराची गोष्ट सांगतो. पॅनेलखाली वारा खेळला पाहिजे. पत्र्याला अगदी चिकटवून बसवलेलं पॅनेल आणि फूटभर उंच सांगाड्यावर बसवलेलं पॅनेल यांच्या तापमानात मोठा फरक पडतो, आणि तो फरक पंचवीस वर्षं रोज मोजावा लागतो. उंच सांगाडा वादळवाऱ्यात टिकेल असा भक्कम हवा, हे खरंच. पण लोखंडावर वाचवलेले पैसे विजेत जातात.

या सगळ्याची सुरुवात कुठे झाली? पॅरिसमध्ये १८३९ साली, एकोणीस वर्षांच्या एडमंड बेकरेल या मुलाच्या लक्षात आलं की द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला की वीज वाहते. पुढे सेलेनियमचे सेल आले, पण त्यांची मजल एखाद्या टक्क्यापुरतीच होती. कामाचा सेल निघाला तो अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. तिथले डॅरिल चॅपिन दमट, उष्ण प्रदेशातल्या टेलिफोनसाठी पर्याय शोधत होते, कारण तिथे बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या. म्हणजे प्रश्न आपल्यासारख्या हवेचाच होता. चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पीअर्सन यांनी एप्रिल १९५४ मध्ये सिलिकॉनचा सेल जगाला दाखवला. पडलेल्या उन्हातला सुमारे ६ टक्के भाग त्याने विजेत बदलला. मार्च १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ हा छोटा उपग्रह असे सेल घेऊन गेला. त्याच्यावरचा बॅटरीचा ट्रान्समीटर काही आठवड्यांत बंद पडला, सेलवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. त्यानंतर बहुतेक उपग्रहांना सौर सेलशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

१९६१ मध्ये शॉकली आणि क्विसर यांनी त्या बांधाचा हिशेब मांडला. एकाच पदार्थाचा सेल कितीही निर्दोष केला, तरी उन्हातला साधारण तिसरा हिस्साच विजेत येईल, त्यापुढे नाही. बाजारातली चांगली पॅनेल आज २० ते २३ टक्क्यांवर आहेत. मधल्या अंतरासाठी साठ वर्षं संशोधन चाललं आहे, आणि ते कळलं तर दुकानदाराच्या तोंडचे शब्दही कळतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८० च्या दशकात पाहिलं की सुटलेले बरेच इलेक्ट्रॉन चकतीच्या मागच्या पृष्ठभागावर जाऊन फुकट जातात, कारण तिथल्या अणूंचे हात मोकळे असतात आणि ते इलेक्ट्रॉनला धरून बसतात. मागून एक अगदी पातळ थर देऊन ते हात बांधले आणि धातूचा स्पर्श फक्त थोड्या ठिकाणी ठेवला. हेच 'पर्क'. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०१३ मध्ये त्याच्या पुढची पायरी मांडली, धातू आणि सिलिकॉन यांच्यामध्ये एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पडदा. इलेक्ट्रॉन त्यातून पार होतो, पण मधल्यामध्ये हरवत नाही. हे 'टॉपकॉन'. त्याची क्षमता दर अंशाला साधारण ०.३० टक्काच घटते. वर केलेला हिशेब परत करा: १४ ऐवजी १२ टक्के. उष्ण जिल्ह्यात राहणाऱ्याने वॅटमागच्या भावाच्या शेजारी हाही आकडा विचारावा. पॅनेलच्या माहितीपत्रकात तो 'टेंपरेचर कोइफिशंट' नावाने छापलेला असतोच.

बांधाचाच अडथळा दूर करायचा तर दोन उंचीचे दोन बांध घालायचे, ही पुढची कल्पना. वर एक पदार्थ जास्त बळाचे फोटॉन पकडेल, खाली सिलिकॉन उरलेले. वरच्या थरासाठी सगळ्यांच्या नजरा पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांवर आहेत. या रचनेचं मूळ खनिज उरल पर्वतात सापडलं तेही १८३९ सालीच, बेकरेलच्या प्रयोगाच्या वर्षी. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांनी २००९ साली त्यापासून सेल केला तेव्हा तो ३.८ टक्क्यांचा होता. आज सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेले प्रयोगशाळेतले छोटे सेल ३३ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत, म्हणजे एकट्या सिलिकॉनला जे कधीच जमलं नसतं ते झालं आहे. मुंबईच्या आयआयटीतही अशा जोड-सेलवर काम चालू आहे. पण हा पदार्थ ओलाव्याने आणि उष्णतेने लवकर खचतो, शिवाय त्यात बहुधा शिसं असतं. कोकणातला एक पावसाळा आणि चंद्रपूरचा एक उन्हाळा, असे पंचवीस काढून दाखवेपर्यंत घरासाठी त्याची वाट बघत बसू नये असं माझं मत आहे. आज मिळणारं सिलिकॉन पुरेसं चांगलं आहे.

आयआयटी मुंबईत २०१० साली सौर प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथल्या लोकांनी केलेलं एक काम मला कार्यक्षमतेच्या विक्रमांपेक्षा मोलाचं वाटतं. २०१३ पासून त्यांनी देशभर फिरून, वेगवेगळ्या हवामानात वापरात असलेली पॅनेल तपासली, किती झिजली आणि का झिजली ते पाहिलं. उष्ण प्रदेशातली पॅनेल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर उतरतात, हे त्यात दिसलं. आणि दुसरं म्हणजे घरांच्या छपरांवरची छोटी जोडणी मोठ्या प्रकल्पांपेक्षा जास्त खराब झालेली आढळली. उघड आहे, मोठ्या प्रकल्पात माल पारखणारा इंजिनिअर असतो, हाताळणारी माणसं शिकलेली असतात. घराच्या गच्चीवर पॅनेल चढवताना कुणी त्यावर गुडघा टेकवतो, कुणी पाय देतो. काचेला काही होत नाही, पण खालच्या चकतीला केसाएवढी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि काही वर्षांनी तेवढा भाग मुका होतो. पॅनेल वर चढत असताना घरातल्या माणसाने तिथे उभं राहावं. कुणालाही पॅनेलवर पाय देऊ देऊ नये.

सावलीचं गणितही माळेमुळेच समजतं. विहिरीपासून शेतापर्यंत माणसं ओळीने उभी करून हातोहात घागरी पुढे द्यायच्या ठरवल्या, आणि मधला एकच जण थांबला, तर सगळी ओळ थांबते. पॅनेलमधले सेल असेच ओळीत आहेत. पाण्याच्या टाकीची सावली दोन सेलवर पडली तरी अख्ख्या ओळीची वीज अडते, आणि अडलेला सेल वीज करायच्या ऐवजी खायला लागतो, तापतो. यासाठी पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, ते अडलेला भाग वगळून वीज वळवतात. नुकसान मर्यादेत राहतं, टळत नाही. कबुतराची एक वाळलेली विष्ठा हीच गोष्ट करते. नारळाची झावळी, शेजाऱ्याने नंतर वाढवलेला मजला, डिश अँटेना, हे सगळं बसवण्याआधी डिसेंबरच्या लांब सावल्या डोळ्यांसमोर आणून बघावं.

धुवायचं तर सकाळी लवकर. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, ते काचेवरच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात आणि मग ते निघता निघत नाहीत. साधं पाणी, मऊ फडकं, आणि शेवटी वायपरने निथळून घेणं, एवढं पुरतं.

आणखी एका बाबतीत लोक नाराज होतात. छतावर पॅनेल आहे, बाहेर लख्ख ऊन आहे, आणि लाईट गेली की घरात अंधार. महावितरणच्या तारांना जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईट गेल्याबरोबर स्वतःला बंद करतो, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. डीपीवरून लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या छतावरची वीज त्या तारेत उलटी गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. अंधार नको असेल तर बॅटरी चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, खर्च बराच वाढतो. ज्यांच्याकडे लाईट फार जात नाही त्यांनी तो टाळावा. दिवसा जास्तीची वीज तारेत सोडायची आणि रात्री तेवढी परत घ्यायची, हा नेट मीटरचा हिशेब त्यांना पुरेसा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असं कमाल ७८,००० रुपयांचं अनुदान ठरलं. महाराष्ट्रात एक किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट धरावीत. महिन्याचं वीजबिल हातात घेऊन युनिटांना १२० ने भागलं की किती किलोवॅट लागतील ते कळतं.

गच्चीपेक्षाही मला या तंत्राचं मोल रानात जास्त दिसतं. शेतीला रात्रीची लाईट असली की बॅटरी हातात धरून, चिखलातून बारे मोडत फिरायचं, पायाखाली साप आहे की वायर ते कळत नाही. बिबट्याच्या भागात तर घरचे लोक रात्रभर जागे राहतात. सौर पंपाने हे बंद होतं, माझ्या लेखी त्याची सगळ्यात मोठी कमाई हीच. तीन अश्वशक्तीच्या पंपाला साधारण तीन किलोवॅटची पॅनेल लागतात आणि बॅटरी लागत नाही, कारण साठवायचं ते पाणीच साठवता येतं, शेततळ्यात किंवा थेट मातीत. सकाळी पंप हळू चालतो, ऊन चढेल तशी धार जाड होते, ढग आला की बारीक होते. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५ टक्के भरावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. त्यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या अख्ख्या वाहिनीलाच दिवसा वीज देतात, प्रत्येकाने वेगळा पंप बसवायला नको.

यात मला एक काळजी वाटते. वीज फुकट आणि दिवसभर असेल तर बोअरमधून उपसाही दिवसभर चालतो. आमच्याकडे २०१६ मध्ये पाणी रेल्वेने आणावं लागलं, ते आम्ही विसरलेलो नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्येच सौर पंपधारकांची सहकारी मंडळी काढली आणि जास्तीची वीज तारेत विकायला सुरुवात केली. पाणी उपसण्याइतकंच न उपसण्यातही उत्पन्न मिळतं, हे त्यांनी करून दाखवलं. सहकार आपल्याला नवा नाही, मराठवाड्यातल्या पाणीटंचाईच्या तालुक्यांत हे व्हावं असं मनापासून वाटतं.

जुनी पॅनेल भंगारात देण्याआधी थांबा. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आली आहेत आणि त्यांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पॅनेलमध्ये काच, ॲल्युमिनियम, तांबं आणि थोडी चांदीही असते. चौकट काढून घेऊन बाकीचं उकिरड्यावर टाकणं म्हणजे शिसंही मातीत जाऊ देणं.

आमच्या गच्चीवर वर्षातला सगळ्यात मोठा आकडा दिसतो तो मात्र फेब्रुवारीतही नाही. श्रावणात दुपारी एक सर येऊन जाते. काच धुतली जाते, सेल गार पडतात. मग ढग फाटतो, मधून सूर्य बाहेर येतो, आणि आजूबाजूच्या पांढऱ्या ढगांच्या कडांवरून उसळलेला उजेडही थेट उन्हात मिसळून पॅनेलवर पडतो. काही मिनिटं इन्व्हर्टर आपल्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. पॅनेलच्या खालच्या कडेवरून तेव्हा अजून पाणी ठिबकत असतं.